स्कॅन नॉर्मल आहे, मग हा असा का वागतो?

आई त्याला खाली पाठवते, दही आणि कोथिंबीर आणायला. वीस मिनिटांनी तो नुसती कोथिंबीर घेऊन येतो. दही कुठंय? "दही तू सांगितलंच नव्हतंस." तो खोटं बोलत नसतो, त्याला खरोखरच तसं वाटत असतं. सकाळी गिझर चालूच राहिलेला असतो. दूध उतू जाताना तो गॅससमोरच उभा असतो, तरी त्याचं लक्ष जात नाही. कुणी मधे टोकलं की भांडी आपटतो. चार महिन्यांपूर्वी हाच मुलगा दिल्लीत लक्ष्मीनगरला भाड्याच्या खोलीत राहून रोज गुरुग्रामच्या कंपनीत जात होता, खर्चाचा हिशेब ठेवत होता, साताऱ्याला घरी पैसे पाठवत होता. मग एका रात्री विकास मार्गावर त्याची मोटारसायकल घसरली आणि डोकं दुभाजकावर आपटलं. तीन-चार दिवस शुद्ध येत-जात होती. पंधरा दिवसांनी डिस्चार्ज मिळाला. हातापायांत दोष नाही, बोलणं स्पष्ट आहे, टाके भरून आले आहेत. परवाच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टवर शब्द आहे : नॉर्मल.

हा मुलगा मी अनेक घरांत घडणाऱ्या गोष्टी एकत्र करून उभा केला आहे. पण डोक्याला जबर मार लागलेला माणूस ज्या घरात परत आला आहे, त्या घराला तो ओळखीचा वाटेल. वडील साताऱ्याहून फोनवर म्हणतात, पुरे झाला आता आराम, कामाला लाग. शेजारच्या बाई म्हणतात, आजारपणात लाडावलाय. आई मात्र रात्री हळूच म्हणते, "बरा झाला गं, पण हा आमचा तो नाही." तिघांत आईचं निरीक्षण खरं आहे. ते का खरं आहे, हे कवटीच्या आत डोकावल्यावर कळतं.

डब्यातला खरवस

मोठ्या माणसाच्या मेंदूचं वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम असतं. प्रयोगशाळेच्या बरणीतला मेंदू रबरासारखा घट्ट दिसतो, कारण तो रसायनात मुरवलेला असतो. जिवंत मेंदू ताज्या खरवसासारखा असतो. स्वतःचा आकार धरून राहतो, पण धक्का बसला की थरथरतो. कवटीत तो एका स्वच्छ, पाण्यासारख्या द्रवात तरंगतो. मेंदूभोवती आणि मणक्यात मिळून हा द्रव सुमारे १५० मिलिलिटर, म्हणजे चहाचा कपभर असतो. तरंगत असल्यामुळे मेंदूचा भार खालच्या बाजूला जेमतेम ५० ग्रॅमइतकाच पडतो. चालणं, धावणं, जिना उतरणं या सगळ्या धक्क्यांपासून ही व्यवस्था त्याला आयुष्यभर सांभाळते.

आता खरवसाचा स्टीलचा डबा मोटारसायकलला बांधला आहे असं समजा. गाडी भिंतीवर आदळली की डबा जागीच थांबतो, आतला खरवस थांबत नाही. तो आधी पुढच्या भिंतीवर आपटतो, मग उलटून मागच्या. कवटीचा आतला भाग सगळीकडे गुळगुळीतही नसतो. डोळ्यांच्या खोबणींच्या वर आणि कानशिलांच्या आतल्या बाजूला हाडाचे कंगोरे असतात. त्यामुळे डोकं मागून आपटलं तरी खरचटतात ती बरेचदा मेंदूची पुढची टोकं, म्हणजे कपाळामागचा आणि कानशिलांजवळचा भाग. बेत आखणं, जिभेला आणि हाताला आवर घालणं, नवी गोष्ट लक्षात ठेवणं, ही कामं मुख्यतः याच भागांच्या आधारानं चालतात. त्या आईच्या तक्रारींची यादी काढली, तर ती याच टोकांचा नकाशा निघेल.

इथे एक धोक्याची सूचना द्यायला हवी. नाकातून वास वाहून नेणारे बारीक मज्जातंतू कपाळाच्या तळाशी असलेल्या चाळणीसारख्या हाडातून वर जातात आणि या धक्क्यात ते तुटू शकतात. मग माणसाला फोडणी करपल्याचा वास येत नाही, आणि गॅस गळतीचाही येत नाही. "वास येतो का?" हा प्रश्न घरी आल्या दिवशीच विचारून घ्यावा.

स्टेशनं शाबूत, मार्ग उखडलेले

खरचटणं आणि रक्ताची गाठ स्कॅनमध्ये दिसते. न दिसणारी जखम वेगळी असते. अपघातात डोकं सरळ आपटून थांबत नाही, ते गर्रकन फिरतंही. मेंदूचा बाहेरचा करडा थर आणि आतला पांढरा भाग यांची घनता सारखी नसल्यामुळे या फिरण्यात ते एकमेकांवरून थोडे सरकतात. पांढरा भाग म्हणजे पेशींना पेशींशी जोडणाऱ्या तारांचे जुडगे. या तारांना अॅक्सॉन म्हणतात. यांतल्या बहुतेक तारा केसाच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही बारीक असतात. ओढ बसली की या तारा ताणल्या जातात.

यातली समजून घेण्यासारखी गोष्ट अशी की बहुतेक तारा त्या क्षणी तुटत नाहीत. तारेच्या आत सूक्ष्म रूळ असतात आणि त्यांवरून पेशीचा माल सतत ये-जा करत असतो. ताणामुळे ते रूळ जागोजाग मोडतात, माल तिथेच तुंबतो, तार फुगते आणि पुढच्या काही तासांत किंवा दिवसांत त्या जागी तुटून वेगळी होते. अपघात सेकंदात घडतो, पण जखम त्यानंतरही पुढे सरकत राहते. मेंदूला सूज आली, प्राणवायू कमी पडला किंवा रक्तदाब घसरला, तर आणखी नुकसान होतं. पहिल्या तासांतल्या उपचाराला एवढं महत्त्व आहे ते यामुळेच. साबिना स्ट्रिच या पॅथॉलॉजिस्टनं १९५६ साली अशा रुग्णांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा पांढऱ्या भागात दूरवर पसरलेली ही हानी पहिल्यांदा नीट नजरेसमोर आली.

सीटी स्कॅन हा क्ष-किरणांचा खेळ आहे. हाड मोडलं का, ताजं रक्त साठलं का, मेंदू एका बाजूला सरकला का, हे तो काही मिनिटांत सांगतो आणि त्यावर रोज जीव वाचतात. पण सर्जननं उघडून काढावं असं काही आत आहे का, एवढ्याच प्रश्नासाठी तो मुख्यतः केलेला असतो. "नॉर्मल" हे उत्तरही त्याच प्रश्नाचं असतं. एमआरआय जास्त बारकाईनं पाहतो, त्यातल्या काही खास पद्धतींत सुईच्या टोकाएवढे रक्तस्राव दिसतात, तरी प्रत्येक तार त्यालाही दिसत नाही.

दिल्लीत राहणाऱ्याला हे मेट्रोवरून चटकन कळेल. रात्री आकाशातून शहराचा फोटो काढला तर लक्ष्मीनगरसारखी जमिनीवरची सगळी स्टेशनं उजळलेली दिसतील. फोटोवर कुणीही "नॉर्मल" लिहील. पण दोन स्टेशनांमधले सिग्नल बिघडले असतील, गाड्या दर दोन मिनिटांऐवजी वीस मिनिटांनी सुटत असतील, एखादा मार्ग बंद पडून सगळी गर्दी दुसऱ्या मार्गावर लोटली असेल, हे त्या फोटोत येणार नाही. ते फलाटावर उभ्या असलेल्या माणसालाच कळतं.

राजीव चौकात नेमकं काय बिघडतं

लक्ष्मीनगरहून गुरुग्रामला जायचं तर निळ्या मार्गानं राजीव चौकला यायचं, तिथे उतरून पिवळ्या मार्गाची गाडी धरायची. आपण हे अर्धवट झोपेत करतो. अपघातानंतर पहिल्यांदा हा मुलगा एकटा निघाला आणि राजीव चौकला एका खांबाला टेकून खाली बसला. तासाभरानं कुणीतरी त्याच्या फोनवरून घरी कळवलं.

त्या फलाटावर मेंदूला एकाच वेळी किती कामं करावी लागतात ते पाहू. घोषणा, शिट्ट्या, फोनवरची बोलणी, खांद्याला खांदा लावून जाणारी माणसं, या सगळ्यांतून हवा तो आवाज उचलून बाकीचे गाळायचे. हे लक्षाचं काम. ही चाळणी फाटली की सगळंच सारख्या जोरानं आत घुसतं. मग घाबरं होतं, डोकं ठणकायला लागतं. त्यात मेंदूचा वेग मंदावलेला असतो. हिंदीतली घोषणा संपून इंग्रजी सुरू झाली तरी पहिल्या वाक्याचा अर्थ लागायचाच असतो, तेवढ्यात दारं बंद होतात. बुद्धी गेलेली नसते. वेळ दिला तर हाच मुलगा बरोबर उत्तर देतो. पण गर्दी कुणाला वेळ देत नाही.

तिसरं काम, "मला पिवळ्या मार्गावर जायचंय" ही चिठ्ठी डोक्यात धरून ठेवायची. जिना चढता-उतरता, वाट काढता काढता ती हातातून निसटता कामा नये. दह्याची चिठ्ठी अशीच निसटली होती. कोथिंबीर कोणती ताजी हे निवडण्यात लक्ष गेलं आणि दह्याला जागाच उरली नाही. पुढे "सांगितलंच नव्हतंस" असं तो म्हणतो, कारण ती गोष्ट साठवणीपर्यंत पोहोचलेलीच नसते. विसरायला आधी ती आत जायला लागते.

घरच्यांना सर्वांत जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट इथेच आहे. त्याला दहावीचे मार्क आठवतात, आजोळच्या विहिरीचे कठडे आठवतात, शाळेतल्या मारामाऱ्या तपशिलानं आठवतात. मग सकाळचा नाश्ता कसा आठवत नाही? ढोंग तर नाही ना? जुन्या आठवणी वर्षानुवर्षं अनेक जागी पसरून पक्क्या झालेल्या असतात, त्या बऱ्याचदा वाचतात. इजा झालेली असते ती नवी आठवण साठवणाऱ्या यंत्रणेला. कपाटातल्या जुन्या फायली जागेवर आहेत, नव्या कागदांना टाचणी मारणारा कारकून मात्र कामावर नाही.

चौथं काम अंमलबजावणीचं. गाडी चुकली तर पुढची घ्यायची, चुकीच्या बाजूला आलो तर परतायचं, ऑफिसला उशीर होतोय असं कळवायचं. ठरवणं, सुरुवात करणं, अडलं तर बेत बदलणं, हे कपाळामागच्या भागाचं काम. ते बिघडलं की माणूस खांबाला टेकून बसतो आणि पाहणाऱ्याला वाटतं की त्याची इच्छाच नाही.

आणि या सगळ्यावर थकवा असतो. जो मार्ग एका झटक्यात पार व्हायचा तो आता वळसा घालून पार करावा लागतो, त्यात साध्या कामालाही जास्त कष्ट पडतात. सकाळी दहाला शहाणा वाटणारा मुलगा दुपारी तीनला चिडका आणि विसरभोळा होतो. डॉक्टरांकडे नेलं जातं ते मात्र नेमकं सकाळी दहाला.

"मला काही झालेलं नाही"

राग आणि विसराळूपणा यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट येते, ती घर मोडायला पुरेशी असते. माणसाला स्वतःचा दोष दिसत नाही. मी ठीक आहे, तुम्हीच माझ्या मागे लागलात, असं तो मनापासून म्हणतो. स्वतःकडे पाहून तपासणी करणं हेही मेंदूचंच काम आहे, आणि जो भाग हे काम करतो त्यालाच मार लागला असेल तर तक्रार नोंदवणार कोण? हा हट्ट नाही, अहंकारही नाही. वाद घालून हे न दिसणं दूर होत नाही, हे घरच्यांनी लवकर समजून घेतलं तर पुष्कळ रडारड वाचते.

मेंदूच्या इजेबद्दलच्या पुस्तकांत फिनियस गेज हमखास भेटतो. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये रेल्वेमार्गाच्या कामावर सुरुंग अवेळी उडाला आणि मीटरभराहून लांब, सहा किलोची लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली. तो वाचला, चालू-बोलू लागला, पण त्याचा स्वभाव पालटला, असं त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. जॉन हार्लो यांनी लिहून ठेवलं. बहुतेक जण गोष्ट इथे संपवतात. मला तिचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. गेज पुढे चिली देशात गेला आणि कित्येक वर्षं घोडागाडी हाकायचं काम करत राहिला. पहाटे उठायचं, घोड्यांना चारायचं, तोच रस्ता, तीच वेळ, प्रवाशांशी नेमकं बोलणं. बाहेरच्या दिनक्रमानं त्याच्या आतल्या मोडलेल्या शिस्तीला आधार दिला, असं त्याच्या आयुष्याचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांचं मत आहे. पुनर्वसन हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हतं, पण घडलं ते तेच.

चौकट : घरात काय म्हणतात, आत काय झालेलं असतं

"आळशी झालाय, सांगितल्याशिवाय उठत नाही." — काम सुरू करून देणारी कळ बिघडलेली असते. एकदा हाताला धरून सुरुवात करून दिली की पुढचं बरेचदा जमतं.

"मुद्दाम ऐकत नाही." — सूचना लांबलचक होती किंवा टीव्ही चालू असताना दिली. एका वेळी एकच, समोर बसून सांगावी.

"तेच तेच दहादा विचारतो." — उत्तर साठत नाही. ते भिंतीवरच्या पाटीवर लिहावं आणि पाटीकडे बोट दाखवावं.

"एवढ्यातेवढ्यावरून खेकसतो." — थकवा, गोंगाट, आवर घालणारा भाग दुखावलेला. आवाज कमी करावा, विषय बदलावा, वाद दुसऱ्या दिवशी.

"कुणात मिसळत नाही, रडतो." — ही नुसती खिन्नता नसेल. डोक्याच्या इजेनंतर नैराश्य पुष्कळदा येतं आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, झटका, वाढती गुंगी, एका बाजूचा अशक्तपणा, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव : यांपैकी काहीही दिसलं तर घरी थांबू नये.

मोजायचं कसं

अपघात विभागात पहिला आकडा टिपला जातो तो ग्लासगो कोमा स्केलचा. ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोघांनी १९७४ साली ही मोजपट्टी दिली. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांना गुण देऊन ३ ते १५ अशी बेरीज होते. १३ ते १५ म्हणजे सौम्य इजा, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा त्याखाली गंभीर. सौम्य इजा झालेले बहुतेक जण काही आठवड्यांत पूर्ववत होतात, हे घाबरलेल्या माणसाला आधी सांगायला हवं. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू चालणं आणि रोजची कामं. महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहण्यानं फायदा होत नाही.

पुढचा अंदाज बांधायला आणखी एक मोजमाप फार उपयोगी पडतं. शुद्धीवर आल्यावरही माणूस काही काळ दिवस-वार, जागा, भेटायला आलेली माणसं यांची सांगड ठेवू शकत नाही. आज भेटलेला मामा उद्या आठवत नाही. अपघातापासून ते पुन्हा दिवसाला दिवस जोडला जाईपर्यंतचा हा काळ जितका लांब, तितकी इजा खोल. ही नोंद ठेवायला कोणतंही यंत्र लागत नाही, खाटेशी बसलेली बहीणसुद्धा वहीत ठेवू शकते.

महिन्या-दोन महिन्यांनी न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून, म्हणजे मेंदू आणि वागणं यांचा संबंध तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडून, तपासणी करून घ्यावी. आकडे उलटे म्हणून दाखवायचे, विखुरलेले अंक क्रमानं रेषेनं जोडायचे, पंधरा-सोळा शब्दांची यादी ऐकून अर्ध्या तासानं आठवायची. बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत शोभिनी राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लोकांसाठी चाचण्यांचा संच तयार केला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकन माणसाच्या सरासरीशी साताऱ्याच्या मुलाची तुलना करण्यात अर्थ नसतो, म्हणून असे संच लागतात. दिल्लीतल्या मराठी कुटुंबांनी एक गोष्ट तपासनीसाला मोकळेपणानं सांगावी : मुलगा हिंदी बोलतो, पण विचार मराठीत करतो. शब्द आठवण्याच्या चाचणीत परक्या भाषेचा भार मेंदूच्या इजेच्या खात्यावर लिहिला जाऊ शकतो.

पुन्हा शिकायचं म्हणजे काय

तुटलेल्या तारा बहुतेक पूर्ववत जुळत नाहीत. पण शेजारच्या वाचलेल्या तारा नव्या फांद्या काढतात, वापरात नसलेले मार्ग कामाला लागतात, आणि जो मार्ग वारंवार वापरला जातो तो पक्का होतो. शेतातली पायवाट जशी चालून चालून उमटते, तसंच. सुधारणेचा सर्वांत वेगवान काळ पहिल्या सहा महिन्यांचा, पण नंतरही वर्षानुवर्षं माणूस शिकत राहतो. "वेळ जाऊ दे, आपोआप होईल" हे जितकं चुकीचं, तितकंच "सहा महिन्यांत झालं तेवढंच" हेही.

दुसऱ्या महायुद्धात अलेक्झांडर लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाकडे झासेत्स्की नावाचा तरुण सैनिक आला. १९४३ साली गोळी लागून त्याच्या मेंदूच्या डाव्या मागच्या भागाला इजा झाली होती. एकेक अक्षर आठवून लिहायला गेला की त्याला काही सुचेना. मग त्याला सांगितलं, अक्षराचा विचार करू नकोस, हात न उचलता सलग लिही. हातानं लिहिलं! बालपणापासून गिरवलेली वळणं हातात शाबूत होती. आपलंच लिखाण वाचताना त्याला एकेका शब्दाशी झगडावं लागे, तरी पुढच्या २५ वर्षांत त्यानं सुमारे ३००० पानं लिहिली. पुनर्वसनाचं मर्म मला या प्रसंगात दिसतं. बंद दारावर धडका मारत बसायचं नाही, घरात शिरायला मागची खिडकी कुठे उघडी आहे ती शोधायची.

म्हणून "आठव ना जरा!" हा आपल्या घरांतला आवडता उपचार बंद करायला हवा. अॅलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ साली दाखवून दिलं की स्मरण दुबळं झालेल्या माणसाला अंदाजानं उत्तर द्यायला लावलं तर त्याचं नुकसान होतं. आपल्याला चूक केल्याचं आठवतं, म्हणून आपण चुकीतून शिकतो. त्याला चूक केल्याचं आठवत नाही, पण चुकीचं उत्तर मात्र तोंडात बसतं. औषधाची डबी कुठे ठेवायची हे शिकवायचं असेल तर सुरुवातीला जागा दाखवूनच द्यावी, त्याच्या हातानं ठेवून घ्यावी, उद्या पुन्हा तसंच. हळूहळू मदत काढून घ्यावी.

दुसरा आधार बाहेरच्या स्मरणाचा. बार्बरा विल्सन यांच्याच गटानं इंग्लंडमध्ये १४३ लोकांवर केलेला, २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास साध्या पेजरचा होता. ठरलेल्या वेळी पेजर वाजायचा आणि "गोळी घे", "डबा भर" असं दाखवायचा. बहुतेकांची ठरलेली कामं पार पडण्याचं प्रमाण स्पष्टपणे वाढलं. आज तो पेजर प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. पण फोन हातात देणं पुरेसं नसतं. वही किंवा फोन पाहायचा, हेच तो विसरतो. म्हणून ते पाहण्याची सवय आधी रुजवावी लागते, जेवणानंतर पाणी पिण्यासारखी, त्याच वेळी, त्याच जागी. तिथे कुणीतरी आठवडेच्या आठवडे शेजारी बसायला लागतं.

लक्षाच्या सरावासाठी निम्हान्सच्या पद्धतीतलं एक साधन मला फार आवडतं : धान्य निवडणं. ताटात मिसळलेली धान्यं वेगळी करायची, वेळ आणि चुका लिहायच्या. आधी दोन प्रकारची, मग तीन, मग शेजारी रेडिओ चालू ठेवून. छापील पानावरचं ठरावीक अक्षर शोधून खोडायचं, हा दुसरा सराव. खर्च शून्य, आणि धान्य निवडणं आईला शिकवावं लागत नाही. मोबाइलवरच्या मेंदूच्या खेळांबद्दल मात्र माझं मत सावध आहे. खेळातला स्कोअर वाढतो, पण दही विसरणं त्यानं थांबतंच असं नाही. सराव जितका रोजच्या कामाजवळचा, तितका तो कामात उतरतो.

अंमलबजावणीसाठी कामाचे तुकडे पाडून चार पायऱ्या शिकवल्या जातात : थांब, काय करायचंय ते म्हण, पायऱ्या लिही, झाल्यावर तपास. मोठ्यानं म्हणायचं, मग पुटपुटायचं, मग मनात. या सगळ्याला झोप पुरेशी हवी, झटक्यांची औषधं वेळेवर हवीत, आणि दारू पूर्ण बंद हवी.

दिल्लीत, प्रत्यक्षात

एम्सचं जयप्रकाश नारायण ट्रॉमा सेंटर मराठी वाचकाला ३ जून २०१४ च्या सकाळमुळे आठवतं. तेव्हाचे केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांना अपघातानंतर तिथेच आणलं होतं. जीव वाचवण्याच्या कामात अशा केंद्रांनी खूप मोठा पल्ला गाठला आहे. वाचलेल्या माणसाला परत माणसांत आणण्याची व्यवस्था मात्र तुटपुंजी आहे. एम्समध्ये क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजीचं काम चालतं. दिलशाद गार्डनला इहबास हे मन आणि मेंदूच्या आजारांचं रुग्णालय आहे. सफदरजंग रुग्णालयात पुनर्वसन विभाग आहे. आयटीओजवळ पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे ऑक्युपेशनल थेरपी मिळते. हे थेरपिस्ट नोकरी लावून देत नाहीत. आंघोळीपासून बँकेच्या व्यवहारापर्यंत रोजची कामं पुन्हा करायला शिकवतात. ही संस्था ज्या रस्त्यावर आहे त्याला विष्णु दिगंबरांचं, म्हणजे आपल्या पलुस्करबुवांचं नाव आहे. परमुलखात फाईल घेऊन फिरणाऱ्या आईला तेवढं ओळखीचं नावही धीर देतं.

२०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले, १,६८,४९१ माणसं गेली, ४,४३,३६६ जखमी झाली. एकट्या दिल्लीत ५,६५२ अपघात आणि १,४६१ मृत्यू. त्या वर्षी देशात ५०,०२९ दुचाकीस्वार आणि सहप्रवासी हेल्मेटविना मेले. जखमींच्या आकड्यात हात मोडलेला आणि मन बदललेला एकाच रकान्यात बसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, पण मेंदूची आघातजन्य इजा त्यांत स्वतंत्र नावानं नाही. दुसऱ्या कुठल्या तरी प्रकारात बसवून प्रमाणपत्र मिळवावं लागतं. हे बदलायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. न्यायालयांनी मात्र या नुकसानीची दखल घेतली आहे. डोक्याला मार लागून बुद्धी खुंटलेल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली भरपाई ६२ लाखांवर नेली आणि तिला सांभाळणाऱ्या दोन माणसांचा आयुष्यभराचा खर्च तीत धरला. अपघात दाव्यासाठी न्यूरोसायकॉलॉजीचा रिपोर्ट जपून ठेवावा तो यासाठी. स्कॅनचा "नॉर्मल" शब्द एकटाच न्यायाधीशासमोर जाता कामा नये.

पिवळी पावलं

त्या मुलाला राजीव चौक पुन्हा शिकवायचा तर कसा? पहिला आठवडा रविवारी सकाळी, गर्दी नसताना, मोठ्या बहिणीबरोबर. ती पुढे आणि तो मागे. दुसऱ्या आठवड्यात तो पुढे, ती मागे, आणि तो चुकायच्या आधीच ती वळण दाखवते. खिशात पत्त्याएवढं कार्ड : राजीव चौकला उतर, खांबापाशी थांब, कार्ड वाच, पिवळा मार्ग. कानात आवाज कमी करणारे बोळे. लक्ष्मीनगरहून निघाल्यावर ठरलेल्या मिनिटांनी फोन थरथरतो. मार्ग बदलायच्या स्टेशनांवर मेट्रोवाल्यांनी जमिनीवर रंगीत पावलं उमटवलेली असतात. घाईत असलेल्या आपल्याला ती दिसतही नाहीत. बहीण त्याला सांगते, वर पाटीकडे बघू नको, माणसांकडे बघू नको, खाली बघ.

नवव्या आठवड्यात ती दहा पावलं मागे राहते. तो खांबापाशी थांबतो, कार्ड काढतो, ओठ हलवत वाचतो. मग मान खाली घालून पिवळ्या पावलांवरून चालू लागतो.